वाटेवर वेचलेल्या फुलांचा रंग धाग्यावर का टिकत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई शहर सोडून गावी राहायला आल्या आहेत. रोज सकाळी माळावर, ओढ्याच्या कडेनं फिरायला जातात आणि येताना फुलंपानं घेऊन येतात. गोकर्ण, जास्वंद, तेरडा आणि घरातली हळद वापरून त्यांनी सुती दोरा आणि धनगराच्या वाड्यावरून आणलेली लोकर रंगवून पाहिली. पातेल्यात रंग फार सुंदर दिसला. मीठ आणि व्हिनेगरही घातलं होतं. तरी सुतावरचा रंग दोन धुण्यांत गेला आणि हळदीनं रंगवलेली लोकरीची टोपी खिडकीशी राहून महिन्याभरात पांढुरकी पडली. "माझं नेमकं काय चुकतंय, आणि कोणत्या ऋतूत काय गोळा करू म्हणजे रंग टिकेल?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, यात दोन वेगळी दुखणी आहेत, ती आधी सुटी करू. धुण्यात रंग जातो तेव्हा रंगद्रव्य धाग्याला बांधलंच गेलेलं नसतं, नुसतं त्याच्या अंगावर बसलेलं असतं. उन्हानं रंग उडतो तेव्हा रंगद्रव्य धाग्यावर असतं, पण प्रकाशानं ते स्वतःच मोडतं. पहिल्या दुखण्यावर इलाज आहे, तो म्हणजे धाग्याची तयारी. दुसऱ्यावर जवळजवळ एकच इलाज, दुसरी वनस्पती निवडणं. हळदीला कितीही तुरटी दिली तरी तिचा पिवळा रंग उन्हापुढे हरतो. त्यामुळे टोपीच्या बाबतीत तुमची पद्धत चुकली असं मी म्हणणार नाही, निवड बदलावी लागेल. सुताच्या बाबतीत मात्र पद्धतच बदलावी लागेल.

मी अनेक वर्षं सूत आणि लोकर रंगवते आहे. नव्यानं शिकायला येणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती सुरुवात रंगीत फुलांपासून करते, कारण डोळ्यांना रंग तिथे दिसतो. पण पाकळीतला लाल, निळा, जांभळा रंग बहुतेक वेळा अँथोसायनिन या गटातला असतो. हा रंग पाण्यात लगेच सुटतो, आम्ल-अल्कली बदललं की रंग पालटतो आणि उन्हात टिकत नाही. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं ते याचमुळे. साबणाच्या पाण्यात गेल्यावर तोच रंग हिरवट-करडा होतो आणि पुढे निघूनही जातो.

जांभळाचं झाड या बाबतीत चांगला शिक्षक आहे. जांभळानं जीभ जांभळी होते, कपड्यावर डाग पडतो, म्हणून वाटतं की फळातच रंग आहे. फळात अँथोसायनिन असतं. त्याच झाडाच्या तपकिरी, दिसायला रूक्ष अशा सालीत मात्र टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं आणि ते धाग्याला घट्ट धरून राहतं. फळाचा रंग काही धुण्यांत फिका होईल, सालीचा तपकिरी वर्षानुवर्षं राहील. नायलॉन येण्याआधी मासेमारीची सुती जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून घेत, त्यामागेही टॅनिनच होतं. मला तुम्हाला सगळ्यात आधी हेच सांगायचंय: फिरायला जाल तेव्हा रंग शोधू नका, तुरटपणा शोधा. साल, फळाचं टरफल, शेंग, वाळलेलं कवच, मूळ या गोष्टी दिसायला साध्या असतात आणि धाग्यावर त्याच बोलतात. पाकळ्यांमध्ये पिवळ्या आणि केशरी फुलांकडे बघा, त्यातली काही खरोखर उपयोगी आहेत. लाल-निळ्या-जांभळ्या फुलांकडे प्रेमानं बघा आणि झाडावरच राहू द्या.

मीठ आणि व्हिनेगरचा सल्ला सगळीकडे फिरतो. तो रासायनिक रंगांच्या पुडीवरून आलेला आहे. सुतासाठीचे काही कृत्रिम रंग मिठाच्या पाण्यात धाग्याकडे ढकलले जातात आणि लोकरीसाठीचे काही कृत्रिम रंग आंबट पाण्यात बसतात. वनस्पतींच्या रंगांना मीठ धाग्याशी बांधत नाही. व्हिनेगरही बांधत नाही, फार तर छटा बदलतं. वनस्पतीचा रंग बांधायला धातूचा क्षार लागतो, तो धाग्यालाही धरतो आणि रंगालाही. यालाच रंगबंधक म्हणतात. घरगुती कामासाठी मी फक्त दोन रंगबंधकं सुचवते, तुरटी आणि अगदी थोडं हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार.

आता धाग्याबद्दल. सूत आणि लोकर एकाच पातेल्यात, एकाच कृतीनं रंगवलेत तर दोन्हींचा निकाल वेगळा येणारच. लोकर प्रथिनाची आहे, केसांसारखी. मेंदी केसांवर आणि तळहातावर जशी चढते तशी सुती कापडावर चढत नाही, तेच इथे घडतं. लोकर तुरटी सहज घेते. सूत सेल्युलोजचं, ते तुरटी नीट धरत नाही. त्याला आधी टॅनिन द्यावं लागतं, मग त्या टॅनिनला तुरटी धरते आणि तुरटीला रंग. ही साखळी एखाद्या ठिकाणी तुटली की रंग पाण्याबरोबर जातो. तुमच्या सुतात ही साखळी मुळात तयारच झालेली नव्हती.

सुताची तयारी अशी करा. नवं सूत दिसायला पांढरं, स्वच्छ असलं तरी त्यावर कापसाचं मेण आणि बहुधा मागासाठी लावलेली खळ असते. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, शंभर ग्रॅम सुतामागे दोन-तीन ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घाला, आणि सूत त्यात तास-दोन तास उकळवा. पाणी चहासारखं पिवळट-तपकिरी होईल. ते फेका, पुन्हा साध्या पाण्यात खळबळून घ्या. सूत तयार झालं की नाही हे कळायची सोपी खूण आहे: वाळलेल्या सुतावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच आत गेला तर झालं. वर मण्यासारखा बसून राहिला तर अजून एकदा उकळा. या कंटाळवाण्या टप्प्यावर सगळ्यात जास्त लोक घाई करतात, आणि पुढे रंग डागाडागांनी बसला की दोष फुलांना देतात.

मग टॅनिनसाठी हिरडा. शंभर ग्रॅम सुताला वीस ग्रॅम हिरड्याची भरड गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या, त्या कोमट पाण्यात सूत सात-आठ तास ठेवा, पिळा आणि सावलीत वाळवा. सूत फिकट पिवळट होईल, ते तसंच हवंय. दुसऱ्या दिवशी वीस ग्रॅम तुरटी उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवून, त्यात हाताला सोसेल इतकं पाणी मिसळून, सूत पुन्हा रात्रभर बुडवा. सकाळी हलकं खळबळा. आता हे सूत रंगायला तयार आहे. ते वाळवून, कोरडं बांधून महिनाभर ठेवलंत तरी चालतं. मी उन्हाळ्यात असं बरंच सूत तयार करून ठेवते, कारण पावसाळ्यात काही वाळत नाही.

लोकरीला सोडा लावू नका, सोड्यानं लोकर कडक आणि कमकुवत होते. धनगराकडून आणलेल्या कच्च्या लोकरीत मेंढीच्या अंगाचं तेल, घाम, माती आणि गोखरूसारखे काटे असतात. आधी हातानं काटे-काड्या काढा, मग साध्या कोमट पाण्यात कितीतरी वेळा बुडवून माती जाऊ द्या, आणि शेवटी रिठ्याच्या पाण्यात धुवा. घासायचं नाही, पिळायचं नाही, आणि गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकायचं नाही. उष्णतेचा धक्का आणि घासणं एकत्र आलं की लोकर नमद्यासारखी आळते, मग ती कातता येत नाही. तुरटीचं प्रमाण लोकरीला शंभर ग्रॅमला बारा ग्रॅम पुरे. तुरटीचं पाणी कोमट असताना लोकर घाला, मंद आचेवर तासाभरात वाफा येईपर्यंत न्या, उकळी फुटू देऊ नका, तासभर तसंच ठेवा आणि रात्रभर त्याच पाण्यात निवू द्या. तुरटी जास्त घातली तर रंग जास्त चढत नाही, लोकर मात्र हाताला चिकट लागते.

इथे दख्खनी मेंढीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या पठारावरच्या या मेंढीची लोकर जाड, राठ आणि बरीचशी काळी किंवा तपकिरी असते. काळ्या लोकरीवर कोणताही वनस्पतिरंग दिसत नाही. ती रंगवायचा प्रयत्न करू नका. तिचा स्वतःचा काळा घोंगडीवर पिढ्यान्‌पिढ्या टिकत आलेला आहे आणि त्याच्यासारखा रंग मला तरी पातेल्यात कधी मिळालेला नाही. रंगासाठी वाड्यावर मुद्दाम पांढरी किंवा मळकट पांढरी लोकर मागा. तीतही कुसळासारखे जाड, चमकदार केस असतात आणि ते रंग कमी घेतात. त्यामुळे रंगलेल्या धाग्यात बारीक फिकट रेषा दिसतात. हा दोष समजू नका. विणलेल्या कापडात त्यामुळे खोली येते.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगते, कारण माझ्याकडची छटा तुमच्याकडे येईलच असं नाही. सगळ्यात मोठा फरक पाण्यानं पडतो. बोअरचं पाणी जड असतं, कधी कधी त्यात लोहही असतं. लोह असेल तर पिवळा रंग शेवाळी होतो आणि माणूस कारण शोधत बसतो. यासाठी घरच्या घरी एक चाचणी आहे. हिरड्याचा थोडा गाळलेला काढा दोन पेल्यांत घ्या, एकात पावसाचं पाणी घाला आणि दुसऱ्यात तुमचं बोअरचं. बोअरचा पेला करडा-काळपट झाला तर पाण्यात लोह आहे असं धरा. मग पिवळ्या-केशरी रंगांसाठी पागोळ्यांचं पाणी साठवून वापरा आणि बोअरचं पाणी करड्या-तपकिरी रंगांसाठी ठेवा. भांडंही असंच बोलतं. लोखंडी कढईत प्रत्येक रंग काळपट होतो, तांब्या-पितळेत छटा बदलते. स्टेनलेस स्टील किंवा न टवके उडालेलं एनॅमल काही मिसळत नाही. जमीन, पाऊस, झाडाचं वय, साल किती जुनी, यांनीही फरक पडतो. एकाच बाभळीच्या शेंगा दोन वर्षांत दोन छटा देतात. म्हणून एखादा स्वेटर विणायचा असेल तर लागणारा सगळा धागा एकाच वेळी, एकाच पातेल्यात रंगवा. नंतर तसाच रंग मिळवणं फार अवघड जातं.

हिराकसाबद्दल सावधपणे सांगते. टॅनिन आणि लोह एकत्र आले की करडा, शेवाळी, काळा असे गंभीर आणि पक्के रंग येतात. डाळिंबाच्या सालीनं पिवळं झालेलं सूत हिराकसाच्या पाण्यात घातलं की तुमच्या डोळ्यांदेखत ते शेवाळी होतं, मला हा क्षण अजूनही फार आवडतो. पण शंभर ग्रॅम धाग्याला एक-दोन ग्रॅम हिराकस पुरे, आणि धागा त्यात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. लोह धाग्याला हळूहळू खातं. लोकर त्यानं खरखरीत होते आणि सूत काही वर्षांनी तुटायला लागतं. हिराकस नसेल तर गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवून तेच काम होतं, फक्त किती लोह उतरलं याचा अंदाज येत नाही, म्हणून थोडं थोडं घालत जायचं. मोरचुदानं, म्हणजे तांब्याच्या क्षारानं, सुंदर हिरवट छटा येते असं तुम्हाला कोणी सांगेल. मोरचूद आणि क्रोमचे क्षार घरात, ओढ्याजवळ, मुलांच्या हाताशी आणूच नका.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: धागा स्वच्छ, लोकरीला तुरटी, सुताला आधी हिरडा आणि मग तुरटी, भांडं स्टीलचं, पाणी तपासलेलं. एवढं झालं की मग रोजच्या फेरफटक्यात काय वेचायचं हा प्रश्न येतो, आणि तो मला जास्त आवडतो.

पाऊस सुरू होताना, पहिल्या वादळी सरींनंतर, झाडांखाली मोडलेल्या फांद्या पडलेल्या असतात. जांभळाची फांदी ठिसूळ, ती हमखास सापडते. तिची साल ओली असतानाच सोलून निघते. आंबा, बाभूळ, ऐन यांच्याही पडलेल्या फांद्या घ्या. उभ्या झाडाची साल कधीही काढू नका. सालीखालून झाडाचं अन्न वाहतं, भोवतीनं साल निघाली तर झाड मरतं. साल बारीक तोडून रात्रभर भिजवायची आणि तास-दीड तास मंद उकळायची. याच दिवसांत सागाला नवी पालवी येते. कोवळं पान हातात चुरडलं की बोटं लाल होतात. ती पानं ताजी असतानाच लोकरीवर लालसर तपकिरी रंग देतात, वाळवून ठेवली की जोर कमी होतो. बाकी पावसाळ्यात मी फार काही गोळा करत नाही. ओल्या पिशवीत बुरशी धरते आणि बुरशी धरलेल्या मालातून मळकट रंग येतो.

श्रावण-भाद्रपदात तेरडा. तुम्ही तेरड्याच्या पाकळ्या वापरल्यात आणि तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण खरी ठरली. पण तेच रोप पाना-देठासकट घ्या. तेरड्यात मेंदीतलंच रंगद्रव्य, लॉसोन, असतं आणि लोकर ते चांगलं धरते. गौरीच्या विसर्जनानंतर कितीतरी घरांतला तेरडा टाकला जातो, तो मागून आणा, चिरून लोकरीच्या दुप्पट-तिप्पट वजनानं घ्या आणि मंद आचेवर तासभर ठेवा. केशरी-तपकिरी छटा येते. सुतावर मात्र त्याची फार आशा ठेवू नका. याच काळात पहाटे प्राजक्ताचा सडा पडतो. त्याच्या केशरी देठांत केशराच्या जातीचं रंगद्रव्य असतं. रंग मन मोहून टाकणारा, पण उन्हात न टिकणारा. एखादा रुमाल रंगवा, पेटीत जपा, टोपीसाठी वापरू नका.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत झेंडू. पिवळ्यांमध्ये माझा सगळ्यात जास्त विश्वास झेंडूवर आहे. तोरणं उतरली की लोक ती कचऱ्यात टाकतात, तुम्ही आधीच शेजारीपाजारी सांगून ठेवा. फुलं सावलीत कडकडीत वाळवून डब्यात भरली की वर्षभर पुरतात. वाळलेल्या फुलांचं वजन धाग्याइतकं घ्या. तुरटी दिलेल्या लोकरीवर चकचकीत पिवळा येतो, हिराकसाच्या चिमटीनं शेवाळी होतो, आणि धुण्याला-उन्हाला दोन्हीकडे बऱ्यापैकी टिकतो. तुमची हळदीची टोपी पुन्हा रंगवायची असेल तर झेंडूनं रंगवा.

थंडीत डाळिंबाच्या साली आणि कांद्याची टरफलं, ही फिरण्यातली नाहीत पण रोजच्या घरातली आहेत. डाळिंबाच्या सालीत टॅनिन आणि पिवळा रंग दोन्ही असतात, म्हणून सुतासाठी ती मला हिरड्याखालोखाल प्रिय आहे. कांद्याचं टरफल धाग्याच्या निम्म्या वजनानंही भरपूर रंग देतं, फक्त उन्हात ते डाळिंबाइतकं टिकत नाही.

शिशिर संपता संपता डोंगरउतारावर धायटी लाल होते आणि फाल्गुनात पळस फुलतो. धायटीच्या फुलांत टॅनिन भरपूर असतं, हिराकसाबरोबर त्यांतून छान करडा निघतो. पळसाची फुलं मात्र झाडाखाली पडलेलीच वेचा. झाडावरची फुलं मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांच्या वाट्याची असतात. खाली पडलेल्या फुलांत रंग पुरेसा असतो. ताजी वापरलीत तर धाग्याच्या चौपट वजनानं, वाळवलेली असतील तर धाग्याइतकी. लोकरीवर पिवळा येतो, पाण्यात सोड्याची अगदी चिमूट घातली की केशरीकडे झुकतो. हा रंग उन्हात हळूहळू फिका होतो, हे गृहीत धरून आतल्या कपड्यांना, अस्तराला वापरा. उन्हाळ्याच्या तोंडाला कुंकूफळाची छोटी फळं तांबड्या भुकटीनं माखलेली दिसतात. ही भुकटी साध्या पाण्यात विरघळत नाही, थोड्या सोड्याच्या पाण्यात विरघळते आणि रेशमावर अप्रतिम केशरी देते. लोकरीवर सोडा कमी आणि वेळ थोडा, इतकं लक्षात ठेवा.

भर उन्हाळ्यात बाभळीखाली शेंगा पडतात. शेळ्या त्या आवडीनं खातात, म्हणून शेळ्या येऊन गेल्यावर उरतील त्या घ्या. त्यांचा काढा सुताला हिरड्याच्या जागीही चालतो, आणि हिराकसाबरोबर काळ्याच्या जवळ जाणारा करडा देतो.

या सगळ्यात हिरवा आणि निळा कुठे आला नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. हिरव्या पानातून हिरवा रंग धाग्यावर येत नाही, पानं बहुतेक पिवळट किंवा तपकिरी देतात. निळा रंग निळीच्या झुडपातून येतो आणि तिची पद्धत पूर्ण वेगळी आहे, त्यात तुरटी लागत नाही, आंबवण्याचं पिंप लागतं. खरा हिरवा म्हणजे निळीत बुडवून मग झेंडूत बुडवलेला धागा. निळीकडे एखाद्या वर्षानं वळा. लाल रंगासाठी मंजिष्ठेचा वेल आपल्या सह्याद्रीत आहे, पण त्याचं मूळ खणू नका. औषधासाठी आधीच त्याची ओढाताण चाललेली आहे आणि मूळ काढलं की वेल गेला. वाळलेली मंजिष्ठा काष्ठौषधींच्या दुकानातून थोडी घ्या आणि तिचं पाणी कधी उकळू देऊ नका, उकळलं की लाल जाऊन विटकरी उरतो. दगडफुलाबद्दलही तसंच. ती शेवाळ-बुरशीची जोडी वर्षाला काही मिलिमीटर वाढते. रंग देते हे खरं, पण खडकावरून खरवडू नका. वाऱ्यानं पडलेल्या फांदीवर असेल तेवढीच घ्या.

वेचण्याच्या हक्काबद्दलही बोललं पाहिजे. गावाच्या वाटेवर, तुमच्या बांधावर, ओळखीच्यांच्या शेतात विचारून वेचणं निराळं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काही उचलायचं नाही, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथे मनाई आहे. राखीव जंगलातही फिरायला येणाऱ्याला फुलंफळं नेण्याचा हक्क नाही. २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावरचा हक्क तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासी आणि वननिवासी कुटुंबांना दिला आहे. जुन्नर-आंबेगाव भागातल्या अनेक आदिवासी घरांचं वर्षाचं गणित हिरड्यावर चालतं. म्हणून हिरडा मी स्वतः कधी वेचत नाही, विकत घेते, आणि तुम्हीही तसंच करावं असं मला मनापासून वाटतं. आणि कासच्या पठारासारख्या ठिकाणी तर फक्त बघायला जायचं.

ओळखत नसाल ते झाड उकळू नका. कण्हेर, धोतरा, रुई आणि पावसाळ्यात कुंपणावर दिसणारी देखणी कळलावी ही विषारी आहेत, त्यांचा काढा स्वयंपाकघरात नको. रंगाची भांडी, चमचे, गाळणं वेगळी ठेवा आणि ती पुन्हा जेवणाला वापरू नका. हिरड्याची किंवा तुरटीची पूड करताना नाकाला फडकं बांधा. उरलेलं तुरटीचं पाणी विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, भरपूर पाण्यात मिसळून ओता.

रंगवताना तयार धागा नेहमी ओला करून घाला, कोरडा धागा ठिपके घेतो. काढा गाळून घ्या, मंद आचेवर तासभर ठेवा, आच बंद करून रात्रभर त्यातच राहू द्या. दुसऱ्या दिवशी न धुता सावलीत वाळवा आणि आठवडाभर तसाच ठेवा, मग धुवा. हा आठवडा गाळू नका, या दिवसांत रंग नीट बसतो आणि पहिल्या धुण्यात कमी सुटतो. धुवायला रिठा किंवा सौम्य साबण वापरा. कपड्यांची नेहमीची पावडर अल्कलीची असते, तिनं छटा बदलते आणि लोकरही खराब होते.

कोणताही रंग मोठ्या कामाला वापरण्याआधी त्याच धाग्याची बोटभर लांब लड वेगळी काढून दोन तुकडे करा. एक तुकडा पांढऱ्या सुती चिंधीत गुंडाळून साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा आणि चिंधीला काय लागलं ते बघा. दुसरा पुठ्ठ्यावर गुंडाळा, अर्धा भाग जाड कागदानं झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीत दोन-तीन आठवडे ठेवा. कागद काढल्यावर सीमारेषा ठळक दिसली तर तो रंग टोपीला नको. प्रत्येक पुठ्ठ्यावर वनस्पतीचं नाव, कोणता भाग, महिना, कुठलं पाणी आणि तुरटीचं प्रमाण लिहा. दोन-तीन वर्षांत तुमच्या परिसराची वही तयार होईल आणि ती माझ्या कोणत्याही उत्तरापेक्षा तुमच्या उपयोगाची असेल.

आत्ता तुमच्याकडे असलेलं फिकं पडलेलं सूत फेकू नका. ते सोड्यात उकळून उरलेला रंग काढा, थेंबाची परीक्षा करा, हिरडा आणि तुरटी द्या आणि सध्याच्या ऋतूत हाताशी असेल ते लावा. काहीच नसेल तर घरातली डाळिंबाची साल. त्याआधी बोअरच्या पाण्याची पेल्यातली चाचणी करा आणि पाणी करडं झालं का ते कळवा. त्यावरून पहिला रंग पिवळा धरायचा की सरळ करडा, हे ठरवता येईल.